पक्ष्याचा श्वास आणि आपले स्वयंपाकघर

टिपू सुलतानाचे जन्मस्थान आणि पपनसाच्या बागा ही देवनहळ्ळीची जुनी ओळख. २००८ साली बंगळूरचा नवा विमानतळ येथे सुरू झाला आणि पाहता पाहता शेतांशेजारी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. अशा घरांत अंगण नसते. कुत्रा पाळणे प्रत्येकास झेपत नाही. मग एखाद्या वाढदिवसाला बजरीगरची जोडी घरी येते. (बाजारात तिलाच सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात.) हिरवा देशी पोपट मात्र आणता येत नाही, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणे गुन्हा आहे. आफ्रिकन ग्रेसारख्या परदेशी पोपटांची नोंदणीही २०२४च्या नियमांनी बंधनकारक झाली आहे.

पिंजरा मांजरापासून जपण्याची काळजी सारेच घेतात. खरा धोका बहुधा हवेतून येतो. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्यांची जोड असते आणि फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने सतत वाहते. उड्डाणासाठी लाभलेली ही देणगी विषारी वायूही तितक्याच तत्परतेने शोषून घेते. म्हणूनच ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी नेत असत. ती प्रथा बंद करण्याचा निर्णय थेट १९८६ साली झाला.

आज ती खाण म्हणजे आपले स्वयंपाकघर. नॉनस्टिक तवा रिकामाच मोठ्या आचेवर राहिला आणि सुमारे २६० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापला, की त्याच्या लेपातून निघणारी वाफ माणसाला जाणवतही नाही. पक्षी मात्र काही मिनिटांत दगावू शकतो. देवनहळ्ळी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने हिवाळ्यात खिडक्या बंदच असतात. त्यात डासांची उदबत्ती, धूप, कापूर, रंगाचा वास यांची भर पडते. पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर, हवेशीर पण झोताबाहेरच्या जागी असावा, हे म्हणूनच महत्त्वाचे.

दुसरा धोका आपल्या मायेतूनच उद्भवतो. ताटातला घास पक्ष्याला देण्याचा मोह आवरत नाही. बंगळूरच्या रसपानगृहांत लोकप्रिय असलेले बटर फ्रूट, म्हणजेच ॲव्होकॅडो, पक्ष्यांच्या हृदयावर घातक परिणाम करते. चॉकलेट, कांदा, चहा-कॉफी आणि खारट फरसाण हेही वर्ज्यच. वाटीभर राळ्यासोबत कोथिंबीर वा गाजराचा कीस पुरेसा असतो.

पिंजऱ्याचे दार उघडण्यापूर्वी छताचा पंखा बंद करून पाती पूर्ण थांबू द्यावीत. आपल्याकडे हा अपघात फार सहज घडतो. न्हाणीघराचे दार लावावे, भरल्या बादलीवर झाकण ठेवावे आणि काचेच्या खिडकीवर पडदा ओढावा, कारण पक्ष्याला काच दिसत नाही. जस्ताचा मुलामा उडालेला पिंजराही बदलावा. चोचीने कुरतडलेले जस्त पोटात जाते.

आजारी पक्षी आपले दुखणे शक्य तितके लपवतो. पिसे फुगवून तळाशी बसला, शेपटी हलवत श्वास घेऊ लागला, की दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. हेब्बाळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय देवनहळ्ळीहून बंगळूरकडे येताना वाटेतच लागते. तरी पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर कोणत्या वेळी भेटेल, याची चौकशी आधीच करून ठेवावी. तव्याच्या धुरासारख्या प्रसंगी तेवढाही अवधी नसतो. तेव्हा आधी पिंजरा उचलून मोकळ्या हवेत न्यावा, मगच दूरध्वनी करावा.