ठिणगी आणि गंजी

‘रझाकारांनी अत्याचार केले, म्हणून 13 सप्टेंबर 1948 रोजी भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या.’ मराठवाड्यात हे वाक्य सर्रास ऐकू येते. ते खोटे नाही, अपुरे आहे. रझाकारांची (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांची) दहशत हे तात्कालिक कारण (घटना त्याच वेळी का घडली, याचे उत्तर). कडब्याच्या गंजीला ठिणगीने आग लागते. पण तीच ठिणगी ओल्या चिखलात पडली तर विझून जाते. गंजी कशी वाळत गेली, हे सांगते ते दीर्घकालीन कारण. त्याचा एक धागा मराठवाड्यातल्या अंबाजोगाईत सापडतो. निजामी अमलात मोमिनाबाद म्हणवणाऱ्या या गावी योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. फौजा शिरण्याच्या दहा वर्षे आधी, 1938 मध्ये, हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती नीट उभी राहण्याआधीच बंदी आली आणि स्वामीजी सत्याग्रहात उतरले. जबाबदार राज्यपद्धतीची (लोकांना उत्तरदायी सरकारची) मागणी तेव्हाचीच.

यावर कोणी म्हणेल, अशाने रझाकारांचा दोष हलका होतो. होत नाही, कारण शोधणे वेगळे, क्षमा करणे वेगळे. उलट टोकाची चूकही टाळावी: संघर्ष अटळच होता, असे मानण्याची. 29 नोव्हेंबर 1947 रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात ‘जैसे थे’ करार (वर्षभर आहे ती व्यवस्था चालू ठेवण्याचा समझोता) झाला, म्हणजे वाटाघाटींना अवधी होता. तो विलीनीकरणाविना का सरला, हा प्रश्न विचारला की 17 सप्टेंबर 1948 ची निजामाची शरणागती नीट उमगते.