रोमच्या सैन्यातले परके सैनिक

रोमचा इतिहास शिकवताना मुलं हमखास विचारतात, "बाई, परक्यांना सैन्यात घेतलं म्हणून रोम बुडालं का?" उत्तर इतकं सोपं नाही.

चौथ्या शतकात रोमला सैनिक कमी पडत होते. जमीनदार आपली कुळं पाठवायला नाखूश असायचे. काही तरुण तर भरती टाळायला स्वतःचा अंगठा कापून घ्यायचे! मग सीमेपलीकडचे गॉथ, फ्रँक, अलामानी मोठ्या संख्येने भरती झाले. अनेकजण निष्ठेने लढले, काही सेनापतीही झाले.

स्टिलिको हा त्यांच्यासारखाच एक. वडील व्हँडल, आई रोमन. त्याने इटलीवरची आक्रमणं परतवली. तरी 408 मध्ये दरबारी संशयावरून त्याला ठार मारलं. पाठोपाठ इटलीतल्या शहरांत परक्या सैनिकांच्या बायकामुलांची कत्तल झाली. चिडलेले हजारो सैनिक गॉथांचा राजा अलारिक याला जाऊन मिळाले. 410 मध्ये अलारिकने रोम शहर लुटलं.

साम्राज्य ढासळण्याची कारणं इतरही होती. पण आपल्यासाठी लढणाऱ्यांना आपलं न मानणं रोमला महागात पडलं. सनावळी पाठ करून घेण्याआधी मुलांना एवढंच विचारा, "त्या सैनिकांच्या जागी तुम्ही असता तर?"