चीनमधील फूजियान प्रांतातील पर्यटनस्थळे : एक ऐतिहासिक-भौगोलिक परिचय

प्रस्तावना

चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर, तैवानच्या सामुद्रधुनीला लागून फूजियान हा प्रांत वसलेला आहे. सुमारे १ लाख २० हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळ आणि २०२० च्या जनगणनेनुसार ४ कोटींहून अधिक लोकसंख्या असलेल्या या प्रांतात वूयी पर्वत (१९९९), तुलौ (२००८), गुलांग्यू बेट (२०१७) आणि च्वानझौ (२०२१) ही जागतिक वारसास्थळे आहेत. ताइनिंग येथील लाल खडकांचा प्रदेशही २०१० मध्ये चीनमधील अशाच अन्य प्रदेशांसमवेत या यादीत समाविष्ट झाला.

प्रवासी मार्गदर्शिकांमध्ये या स्थळांचे वर्णन सहसा सुटेसुटे आढळते. वास्तविक ही स्थळे एकाच इतिहासाची निरनिराळी प्रकरणे आहेत. समुद्र खुला असताना, तो बंद झाल्यावर आणि पुढे बळाने उघडला गेल्यावर या प्रदेशाचे काय झाले, हे त्यांतून क्रमाने उलगडत जाते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने फूजियानमधील चार प्रमुख स्थळांचा परिचय करून दिला आहे.

१. भौगोलिक पार्श्वभूमी

फूजियानचा बहुतांश भूभाग डोंगराळ आहे. आठ भाग डोंगर, एक भाग पाणी आणि एक भाग शेती, असे या प्रांताचे वर्णन चीनमध्ये परंपरेने केले जाते. पश्चिमेकडील पर्वतरांगांमुळे देशाच्या अंतर्भागाशी दळणवळण दीर्घकाळ कठीण राहिले. याउलट, दंतुर किनाऱ्यामुळे नैसर्गिक बंदरे विपुल प्रमाणात लाभली. शेतीयोग्य जमीन अपुरी आणि समुद्र समोर, अशा स्थितीत येथील जनता नौकानयन, व्यापार व स्थलांतर यांकडे वळली. आग्नेय आशियातील चिनी वंशाच्या लोकांपैकी फार मोठ्या वर्गाचे मूळ याच प्रांतात आहे. दर्यावर्दींची रक्षणकर्ती मानल्या जाणाऱ्या माझू देवीचे मूळ स्थानही येथील मेइझौ बेटावर असून, या उपासनापरंपरेचा २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत समावेश झाला.

२. च्वानझौ : खुल्या समुद्राचे नगर

सोंग आणि युआन राजवटींच्या काळात, म्हणजे साधारणतः दहावे ते चौदावे शतक, च्वानझौ हे आशियातील अग्रगण्य बंदर होते. १०८७ मध्ये येथे सागरी व्यापाराचे सरकारी कार्यालय स्थापन झाले. मार्को पोलो व इब्न बतूता यांनी ‘झैतून’ या नावाने या बंदराचा गौरव केला आहे.

या नगरात पुढील स्थळे विशेष पाहण्यासारखी आहेत. इ. स. ६८६ मध्ये स्थापन झालेल्या काइयुआन बौद्ध मंदिराच्या आवारात तेराव्या शतकातील दोन पाषाणी मनोरे आहेत; त्यांपैकी पूर्वेकडील मनोरा सुमारे ४८ मीटर उंच आहे. १००९ मध्ये स्थापन झालेली चिंगजिंग मशीद ही चीनमधील प्राचीन मशिदींपैकी एक होय. नजीकच्या जिनजियांग येथील छाओआन मंदिरात १३३९ मध्ये घडविलेली मणी या धर्मसंस्थापकाची पाषाणमूर्ती आहे. मणीचा धर्म अन्यत्र जवळजवळ नामशेष झाल्यामुळे या मूर्तीचे महत्त्व असाधारण आहे. १०५३ ते १०५९ या काळात बांधलेल्या लुओयांग पुलाच्या पायाचे दगड घट्ट बांधले जावेत यासाठी त्यांवर कालवांची जोपासना करण्यात आली होती. १९७४ मध्ये च्वानझौच्या उपसागरात तेराव्या शतकातील जहाजाचे अवशेष उत्खननात मिळाले. तेरा कप्प्यांच्या या जहाजात सुगंधी लाकूड, मिरी आणि कवड्या सापडल्या.

भारतीय अभ्यासकाने काइयुआन मंदिराच्या मुख्य सभागृहामागील दोन सोळापैलू स्तंभ आवर्जून पाहावेत. या बौद्ध वास्तूतील स्तंभांवर नरसिंह व कृष्ण यांच्या कथा कोरलेल्या आहेत. येथे वसलेल्या तमिळ व्यापाऱ्यांच्या मंदिराचे हे अवशेष होत. १२८१ सालचा, तमिळ व चिनी लिपी असलेला एक शिलालेखही च्वानझौमध्ये मिळाला असून त्यात शिवमूर्तीच्या स्थापनेचा उल्लेख आहे. ते मंदिर आज उभे नाही. १३५७ पासून सुमारे दशकभर चाललेल्या बंडाळीत येथील परदेशी वसाहतींची वाताहत झाली. त्यानंतर आलेल्या मिंग राजवटीने खासगी सागरी व्यापारावर बंदी घातली. पुढील काळातील दुरुस्तीत मोडलेल्या देवालयाचे स्तंभ दुसऱ्या देवालयाच्या बांधकामात वापरले गेले. एका बहुधर्मी नगराचा उदय आणि अस्त या दोन स्तंभांत एकत्र पाहावयास मिळतो.

३. तुलौ : बंद दारामागील समाज

सागरी व्यापारावरील बंदी १५६७ मध्ये अंशतः शिथिल झाली. मधल्या काळात किनाऱ्यावर चाच्यांचा आणि डोंगराळ भागात दरोडेखोरांचा उपद्रव वाढला होता. प्रांताच्या नैर्ऋत्येकडील योंगडिंग, नानजिंग व हुआआन या भागांतील तुलौ या असुरक्षिततेच्या पार्श्वभूमीवर समजून घ्याव्या लागतात. ‘तुलौ’ म्हणजे मातीची इमारत. माती ठोकून उभारलेल्या जाड भिंती, बहुधा एकच मुख्य दरवाजा, खालच्या बाजूस खिडक्यांचा अभाव आणि आत मोकळे अंगण, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. तळमजल्यावर स्वयंपाकघरे, दुसऱ्या मजल्यावर धान्याची कोठारे आणि त्यावर निजण्याच्या खोल्या असतात. प्रत्येक कुटुंबाला तळापासून वरपर्यंतचा एक उभा भाग मिळतो. त्यामुळे एकाच कुळातील कुटुंबांमध्ये लहानमोठा असा भेद वास्तूत उमटत नाही.

पंधराव्या ते विसाव्या शतकांत बांधलेल्या ४६ वास्तू जागतिक वारसा यादीत आहेत. योंगडिंगमधील चेंगची लौ (१७०९) ही एकात एक अशी चार वर्तुळे असलेली वास्तू, तसेच तियानलुओकेंग येथील पाच वास्तूंचा समूह पर्यटकांना विशेष आकर्षित करतो. मोठ्या वास्तूंत एकेकाळी शेकडो लोक एकत्र राहत. रोजगारासाठी तरुण पिढी शहरांकडे गेल्याने अनेक वास्तूंतील वस्ती आता विरळ झाली आहे.

४. वूयी पर्वत : चहा आणि जागतिक व्यापार

प्रांताच्या वायव्येस वूयी पर्वत आहे. लाल खडकांच्या कड्यांमधून वाहणाऱ्या नऊ वळणांच्या नदीतील बांबूच्या तराफ्यांवरील प्रवास हे येथील प्रमुख आकर्षण होय. झू शी (११३०–१२००) या नवकन्फ्यूशियन तत्त्वज्ञाने ११८३ मध्ये येथे विद्यापीठ स्थापन केले. त्याच्या विवेचनाचा प्रभाव पुढे अनेक शतके चिनी शिक्षणपद्धतीवर राहिला. या दृष्टीने अध्यापकांना हे स्थळ विशेष जिव्हाळ्याचे वाटावे.

वूयीची जागतिक ख्याती मात्र चहामुळे झाली. येथील कड्यावरील ‘दा होंग पाओ’ या चहाची मूळ झुडपे आता तोडणीपासून संरक्षित आहेत. फूजियानच्या दक्षिण भागातील बोलीत चहाला ‘ते’ म्हणतात. डच व्यापाऱ्यांमार्फत हा उच्चार युरोपात गेला आणि त्यातून इंग्रजी ‘टी’ शब्द आला. मराठी ‘चहा’ हा शब्द मात्र चीनच्या अन्य भागांतील ‘चा’ या उच्चाराशी संबंधित आहे. १८४९ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून हा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ वेषांतर करून वूयी परिसरात आला. त्याने चीनमधून मिळवलेली रोपे व बिया हिमालयातील मळ्यांसाठी भारतात पाठविण्यात आल्या.

५. गुलांग्यू : लादलेले खुलेपण

चहाच्या खरेदीसाठी चीनकडे जाणाऱ्या चांदीची भरपाई ब्रिटिशांनी अफूच्या व्यापारातून केली. बंगालप्रमाणेच माळव्यातील अफूही मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरातून चीनकडे जात असे. आजच्या महाराष्ट्राच्या राजधानीच्या समृद्धीचा या व्यापाराशी असलेला संबंध येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिल्या अफू युद्धानंतर १८४२ च्या नानजिंग तहाने जी पाच बंदरे खुली करणे चीनला भाग पडले, त्यांत फूझौ व श्यामेन ही फूजियानमधील दोन होती.

श्यामेनसमोरील गुलांग्यू हे दोन चौरस किलोमीटरांहूनही लहान बेट १९०३ मध्ये आंतरराष्ट्रीय वसाहत झाले. परदेशी वकिलाती, चर्च, शाळा, रुग्णालये आणि आग्नेय आशियातून परतलेल्या धनिक चिनी व्यापाऱ्यांचे वाडे येथे दाटीने उभे आहेत. मोटारींना बंदी असल्याने बेट पायी फिरूनच पाहावे लागते. सूर्यप्रकाश शिळा, १९१३ चे शूझुआंग उद्यान आणि त्यातील पियानो संग्रहालय ही येथील प्रमुख आकर्षणे होत.

६. प्रवासाचे नियोजन

उन्हाळ्यात, विशेषतः जुलै ते सप्टेंबर या काळात, किनाऱ्यावर चक्रीवादळांची शक्यता असते. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ अधिक सोयीचा ठरतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या अतिवेगवान रेल्वेमार्गाने फूझौ, च्वानझौ, श्यामेन आणि झांगझौ ही शहरे जोडली आहेत. तुलौसाठी श्यामेनहून रस्त्याने जाता येते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय सुट्टीमुळे सर्वत्र गर्दी असते. तो काळ टाळावा. अभ्याससहलीसाठी च्वानझौला किमान दोन पूर्ण दिवस द्यावेत. अन्यथा मनोरे पाहून होतात आणि मागचे स्तंभ राहून जातात.

समारोप

च्वानझौचे वैभव, तुलौंच्या भिंती, वूयीचा चहा आणि गुलांग्यूच्या वकिलाती यांना जोडणारा दुवा समुद्र हा आहे. भारतीय पर्यटकासाठी या दुव्याची दोन टोके विशेष अर्थपूर्ण ठरतात. च्वानझौमध्ये भारतीय व्यापारी आपले देव घेऊन आला आणि त्याला मंदिर उभारण्याइतके स्थान मिळाले. पाच शतकांनंतर भारतीय भूमीतून गेलेला माल अफू होता आणि त्याच्यामागे ब्रिटिशांच्या युद्धनौका होत्या. सागरी संपर्क स्वतः चांगला वा वाईट नसतो. तो कोणत्या अटींवर घडतो, यावर त्याचे फलित अवलंबून असते. फूजियानच्या प्रवासात हा धडा वास्तूंच्या रूपाने प्रत्यक्ष समोर उभा राहतो. म्हणून इतिहास, भूगोल व अर्थशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनी हा प्रांत एकत्रितपणे अभ्यासण्यासारखा आहे.