उसाच्या शेतातला डेटा कोणाचा? अ‍ॅपमधल्या 'अलाऊ'चा नेमका अर्थ काय?

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या बारामती तालुक्यात, पिंपळीसारख्या गावांच्या परिसरात, शेतीचा सल्ला आता मोबाईलवरही मिळू लागलाय. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानाच्या मदतीने उसासाठी एआयचा प्रयोग केला. जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रं यांची सांगड घालून पाणी कधी द्यायचं, खत किती टाकायचं, हे शेतकऱ्याला कळवलं जातं.

माहिती दिल्याशिवाय असा सल्ला मिळत नाही. पण दिलेली माहिती पुढे कशासाठी वापरायची, हे कोण ठरवतं?

कोणती माहिती जाते?

शेतीच्या अनेक अ‍ॅपमध्ये नाव, मोबाईल नंबर, गट नंबर, लागणीची तारीख ही माहिती शेतकरी स्वतः भरतो. याशिवाय अ‍ॅप कधी उघडलं, कोणतं पान किती वेळ पाहिलं, फोन कोणता, लोकेशन काय, हेही नोंदवता येतं. यालाच 'युसेज डेटा' म्हणतात. अ‍ॅपमधल्या चुका दुरुस्त करायला तो लागतो. पण हुमणीचं पान तीनदा उघडणारा शेतकरी कोण, हे कळलं तर कीटकनाशक विकणाऱ्याला आयतं गिऱ्हाईक मिळतं.

'जमिनीत ओलावा कमी' ही नुसती नोंद कोणा एकाची नसते. तिला गट नंबर आणि मोबाईल नंबर जोडला, की ती एका माणसाची माहिती होते.

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यानुसार संमती मोकळेपणाने, माहिती घेऊन आणि ठरावीक कामापुरती दिलेली असावी लागते.

कायद्यातच एक उदाहरण आहे. डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधले कॉन्टॅक्ट मागितले आणि वापरणाऱ्याने 'हो' म्हटलं, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरली जाते. कारण सल्ल्यासाठी कॉन्टॅक्टची गरज नसते.

संमतीची सूचना मराठीत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असायला हवं. डेटा सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीबाबतच्या मुख्य तरतुदी मे २०२७ पासून लागू होतील.

तोवर काय करायचं?

अनेक घरांत वडिलांच्या फोनवर अ‍ॅप मुलगा टाकून देतो आणि 'अलाऊ'ही तोच दाबतो. शेत वडिलांचं, संमती मात्र मुलाच्या बोटाची! म्हणून बटण दाबण्याआधी वडिलांना तीन गोष्टी सांगाव्यात: काय मागितलंय, कशासाठी आणि ते नंतर बंद कसं करायचं. सल्ल्याशी संबंध नसलेली परवानगी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आजही बंद करता येते.