काटे नसलेली फौजी घड्याळं

अमेरिकन लष्कराच्या सरप्लसमधलं जुनं, आकडेवालं विजेचं घड्याळ पुण्यात आणून ट्रान्सफॉर्मरमार्फत प्लगला लावलं, तर ते तासाला बरोबर दहा मिनिटं मागे पडतं. दिवसाला चार तास! सहा दिवसांनी तर गंमतच होते. तोवर ते पुरे चोवीस तास मागे पडलेलं असतं, त्यामुळे क्षणभर अगदी अचूक वेळ दाखवतं. घड्याळात बिघाड काहीच नसतो. तिकडच्या विजेची फ्रिक्वेन्सी 60 हर्ट्झ, आपली 50, आणि हे घड्याळ त्या फ्रिक्वेन्सीवरच चालतं. नुसता ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. तो व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ तसेच ठेवतो. त्यामुळे इकडच्या हौशी माणसाला 60 हर्ट्झची वीज तयार करणारा छोटा इन्व्हर्टर जवळ ठेवावा लागतो. खटाटोप आहे खरा, पण करण्यासारखा आहे.

मुळात काटेच का नकोत? रेडिओ ऑपरेटरच्या कानाला हेडफोन, हातात पेन्सिल आणि समोर लॉगबुक. प्रत्येक संदेशापुढे वेळ लिहायची. लहान काटा आणि मोठा काटा यांची घाईत गल्लत होते. चार आकडे समोर असले की बघायचे आणि उतरवायचे! दोन माणसांनी एकाच क्षणी पाहिलं तरी दोघांच्या वहीत एकच वेळ येते. 'डायरेक्ट रीडिंग' म्हणतात ते हेच.

पिट्सबर्गच्या पेनवुड नुमेक्रॉन कंपनीची 'टायमीटर' घड्याळं या जातीतली. आत मोटार, तिला जोडलेले दातेरी गिअर आणि आकडे छापलेली चक्रं, म्हणजे गाडीच्या मीटरमध्ये किलोमीटर फिरतात तशीच सगळी रचना. त्यांची चोवीस तासांची मॉडेल्स हॅम, म्हणजे हौशी, रेडिओवाल्यांची लाडकी. हॅम मंडळी जगभर लॉग एकाच प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत ठेवतात. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा केले की तो आकडा मिळतो. त्यासाठी टेबलावर वेगळं घड्याळ असलेलं बरं.

चोवीस तासांची सवय सैन्याला फार जुनी असेल असं वाटतं ना? अमेरिकन नौदलानं ती 1920 मध्ये लावून घेतली, भूदलानं थेट 1942 मध्ये, ऐन महायुद्धात. पहाटेचे चार की दुपारचे, हा घोळ एका फटक्यात मिटला. त्याच फौजी पद्धतीत जगातल्या कालपट्ट्यांना अक्षरं आहेत. ग्रीनिच म्हणजे 'झुलू', पाच तास पुढे 'एको', सहा तास पुढे 'फॉक्सट्रॉट'. आपली प्रमाणवेळ या दोघांच्या बरोबर मध्ये!

पण आकडे दाखवण्याची कल्पना विजेच्याही आधीची. जर्मनीत ड्रेस्डेनच्या ऑपेरागृहात रंगमंचावरचं घड्याळ 1841 पासून आकड्यांतच वेळ सांगायचं, डावीकडे रोमन आकड्यात तास आणि उजवीकडे पाच-पाच मिनिटांचे टप्पे. पुढे 1883 मध्ये योझेफ पाल्वेबर या ऑस्ट्रियन माणसानं उडी मारून बदलणाऱ्या आकड्यांच्या खिशातल्या घड्याळाचं पेटंट घेतलं.

मला या साऱ्या विषयात सर्वांत भावतो तो टेलिक्रॉन घड्याळांचा जनक हेन्री वॉरन. त्याच्या ध्यानात आलं की विजेच्या घड्याळाचा खरा लंबक घरात नसतोच, तो वीजकेंद्रात असतो. तिथली फ्रिक्वेन्सी हलली की शहरभरची घड्याळं हलणार. म्हणून 1916 मध्ये बॉस्टनच्या वीजकेंद्रात त्यानं दोन काट्यांचं मास्टर घड्याळ बसवलं. एक काटा लंबकाच्या अचूक घड्याळावर फिरे, दुसरा तिथल्याच विजेवर. कामगारानं टर्बाइनचा वेग असा राखायचा की दोन्ही काटे एकमेकांवर राहावेत. एका माणसानं दोन काट्यांवर नजर ठेवायची आणि गावभरच्या घरांत वेळ बरोबर! इतकी देखणी युक्ती क्वचितच सुचते.

हे नातं आजही तुटलेलं नाही. 2018 च्या सुरुवातीला सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यातल्या वीजवादामुळे युरोपच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी किंचित घसरली आणि जवळपास दोन महिन्यांत खंडभरातली ओव्हनवरची, रेडिओवरची घड्याळं सुमारे सहा मिनिटं मागे पडली. आपल्या ग्रिडवर फ्रिक्वेन्सी 49 हर्ट्झवर आली, तर असं घड्याळ तासाला 72 सेकंद गमावेल.

वीज गेली तर? इथे दोन पंथ आहेत. वॉरनच्या घड्याळातली मोटार वीज आल्यावर आपोआप सुरू होते, म्हणजे मध्ये गेलेला वेळ घड्याळाच्या हिशेबात येत नाही. ते लक्षात यावं म्हणून त्याच्या टेलिक्रॉन घड्याळांत लाल ठिपका उगवतो. दुसरा घड्याळवाला लॉरेन्स हॅमंड, त्याच्या सुरुवातीच्या घड्याळांना मात्र मागची कळ हातानं फिरवून चालू करावं लागे. गैरसोय खरी, पण घड्याळ खोटी वेळ कधी दाखवत नसे, नुसतं थांबून राही. मी हॅमंडच्या बाजूचा. हाच हॅमंड पुढे 1935 मध्ये ऑर्गन घेऊन आला, आणि त्यातही सूर पक्का ठेवायला तसलीच मोटार!

विकत घेताना आधी पाठीवरची धातूची पट्टी वाचा. अमेरिकन लष्कराच्या मालसूचीत वेळ मोजणाऱ्या साधनांचा वर्ग 6645. साठाक्रमांक त्या आकड्यांनी सुरू होत असेल तर वस्तू घड्याळांच्या खात्यातली. क्रमांक 11 अंकी असेल तर तो जुन्या पद्धतीचा, कारण 1974 पासून तो 13 अंकी झाला. पट्टीवर 400 हर्ट्झ लिहिलं असेल तर ते विमानाच्या विजेवरचं आहे, घरच्या प्लगला लावू नका. आकडे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले दिसले तर काच उघडू नका, रंग खरवडू नका. त्यात रेडियम असू शकतं. चमक विझली तरी किरणोत्सर्ग राहतोच, रेडियमचं अर्धायुष्य 1600 वर्षांचं आहे. जुन्या वायरवरचं रबरही हात लावताच तुटतं, तेव्हा ती बदलून मगच वीज जोडा.

शेवटची एक कळकळीची विनंती. मोटार अडकली असेल तर तेलपाणी करा, जाणकाराला दाखवा, सुटा भाग शोधा. पण ती काढून टाकून आत बॅटरीचं क्वार्ट्झ यंत्र बसवू नका.