कोणता गावना?

नोव्हेंबर २०२३. पुण्याजवळच्या फुलगावात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती लागली, ती कागदोपत्री वाशीम विरुद्ध नांदेड अशी होती. वाशीमकडून उतरलेला सिकंदर शेख मूळचा मोहोळचा, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातला, आणि घडला कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत. नांदेडचा शिवराज राक्षे राजगुरुनगरकडच्या राक्षेवाडीचा, म्हणजे पुणे जिल्ह्यातला. सिकंदरने काही सेकंदांतच शिवराजला आस्मान दाखवले आणि गदा वाशीमच्या नावे लागली. मोहोळात गुलाल उधळला गेला तो मात्र आपल्या घरच्या पोरासाठी.

खानदेशात जत्रेच्या दंगलीत अनोळखी पैलवान लंगोट कसून उभा राहिला, की बघ्यांच्या रांगेतून पहिला प्रश्न येतो: "कोणता गावना शे?" अहिराणीतल्या या प्रश्नाला उत्तर एकच असते, आईबापाचे गाव. वस्ताद कोण, तालीम कुठली, हे नंतर. पण जिल्ह्याचा किंवा राज्याचा संघ निवडायची वेळ आली की तोच प्रश्न तीन तुकड्यांत विभागला जातो. जन्मला कुठे, राहतो कुठे आणि पगार कुठून घेतो? प्रत्येक खेळाची संघटना यातला आपल्या सोयीचा तुकडा उचलते. जळगाव-धुळ्याच्या पोरांना तिन्ही तुकड्यांशी गाठ पडते, कारण हा मुलूख मध्य प्रदेश आणि विदर्भाला खेटून आहे आणि इथला होतकरू खेळाडू कधी ना कधी पुण्या-मुंबईची गाडी पकडतोच.

महाराष्ट्र केसरीच्या विजेत्यांची यादी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे गदा नरसिंग यादवने नेली. घराणे उत्तर प्रदेशातले, वडील मुंबईत दुधाच्या धंद्यात. नरसिंग मुंबईत वाढला आणि मुंबईकडून लढला. पुढची तीन वर्षे, २०१४ ते २०१६, गदा विजय चौधरीची. विजय चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा. सराव पुण्यात, नाव मात्र जळगावचे. २०१६ ची अंतिम फेरी पुण्यातल्या वारज्याला झाली आणि समोर होता पुण्याचाच अभिजीत कटके. म्हणजे पुण्यात घाम गाळलेल्या जळगावच्या मल्लाने पुण्याच्या मल्लाला पुण्यातच हरवले.

पहिली हॅटट्रिक रहिवासाची, दुसरी मुळाची. दोन्ही नियमांत बसणाऱ्या, दोन्ही रास्त.

त्यानंतर चित्र आणखी गमतीचे होत गेले. २०१८ मध्ये जालन्याला बाला रफिक शेख जिंकला. गाव करमाळा तालुक्यातले खडकी, तालीम पुण्यातली, जिल्हा बुलढाणा! जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत हर्षवर्धन सदगीरने नाशिकला गदा मिळवून दिली. तो नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा. समोरचा शैलेश शेळके लातूरचा, आणि दोघेही पुण्यात काका पवारांच्या हाताखाली तयार झालेले. एकाच तालमीतले दोन मल्ल दोन जिल्ह्यांच्या नावाने भिडले.

यामागे साधा हिशेब आहे. प्रत्येक जिल्हा किंवा शहर संघाला एका वजनगटात मातीवर एक आणि गादीवर एक अशी मोजकीच जागा मिळते. कोल्हापूर, सोलापूर, पुणे इथे त्या एका जागेसाठी डझनभर तगडे मल्ल निवड चाचणीत एकमेकांची हाडे खिळखिळी करतात. जिथे तालमी विरळ, तिथे वाट मोकळी. पैलवानाला स्पर्धेत उतरायचे असते, जिल्हा संघाला पदक हवे असते, दोघांचे जमते. यात बुडतो तो वाशीम-बुलढाण्याचा स्थानिक पोरगा. वर्षभर खुराक खाऊन, जोर-बैठका मारून तो चाचणीला येतो आणि समोर गंगावेशीचा गडी बघून घरी परततो.

क्रिकेटमध्ये सीमा अधिक काटेकोर आणि अधिक विचित्र आहेत. एका महाराष्ट्र राज्यातून रणजी करंडकात तीन संघ उतरतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. त्यातला 'महाराष्ट्र' हा संघ राज्याहून वयाने मोठा. रणजी सुरू झाली १९३४-३५ मध्ये, राज्य झाले १९६० साली. रणजी सुरू झाली तेव्हा जळगावला पूर्व खानदेश म्हणत, धुळ्याला पश्चिम खानदेश. राज्ये बदलली, जिल्ह्यांची नावे बदलली, क्रिकेटच्या रेघा बऱ्याचशा तशाच राहिल्या. क्रिकेट मंडळाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या लोढा समितीने 'एक राज्य, एक मत' सुचवले आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्यही केले; पण ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तिघांचे पूर्ण सदस्यत्व परत दिले.

याचा अर्थ रेल्वेच्या खिडकीतून पाहता येतो. भुसावळहून नागपूरकडे निघालेली गाडी बोदवड सोडते आणि थोड्याच वेळात मलकापूरला पोचते. बोली, कपाशी, ऊन सारखेच. पण बोदवड जळगाव जिल्ह्यात, म्हणून तिथल्या मुलाचा रस्ता पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे जातो. मलकापूर बुलढाण्यात, म्हणून तिथल्या मुलाचा रस्ता नागपूरकडे, विदर्भाच्या संघाकडे. मलकापूरचा मुलगा ज्या संघाचे स्वप्न बघतो त्याने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा रणजी जिंकली. बोदवडच्या मुलाच्या संघाने ती शेवटची जिंकली १९४०-४१ मध्ये, दि. ब. देवधर कर्णधार असताना.

भुसावळात मात्र तिसरा दरवाजाही उघडा आहे. रेल्वेचा स्वतंत्र संघ १९५८-५९ पासून रणजीत खेळतो आणि त्याला ना जन्मगावाचे सोयरसुतक, ना तालुक्याचे. खेळाडू रेल्वेच्या नोकरीत असला की झाले. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात या नियमाची महती वेगळी सांगावी लागत नाही. याच संघाने २००१-०२ आणि २००४-०५ मध्ये करंडक जिंकून दाखवला.

नोकरीवरून संघ ठरण्याची सर्वांत रंगतदार कहाणी धुळ्याहून निघणाऱ्या आग्रा रोडवर सापडते. शिरपूर, सेंधवा ओलांडून हा रस्ता पुढे महूच्या छावणीपाशी जातो. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचा नामांकित फलंदाज डेनिस कॉम्प्टन तिथे सैन्यात होता. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तो इंदूरच्या होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध उतरला आणि २४९ धावा काढून नाबाद राहिला. सामना मुंबईनेच जिंकला. पण महूत पोस्टिंग झाले एवढ्यावर लंडनचा माणूस होळकरांचा झाला, आणि त्या काळी कुणाला ते फारसे खटकले नाही.

आता खटकते, म्हणून कागद लागतो. दुसऱ्या संघाकडे जायचे तर आधीच्या संघटनेचे नाहरकत पत्र हवे. अर्जुन तेंडुलकरने २०२२-२३ मध्ये मुंबई सोडून गोव्याकडून रणजी पदार्पण केले आणि पहिल्याच सामन्यात शतक ठोकले. उत्तर प्रदेशात जन्मून मुंबईत घडलेल्या यशस्वी जयस्वालने एप्रिल २०२५ मध्ये गोव्याला जाण्यासाठी पत्र मागितले आणि पुढच्याच महिन्यात बेत रद्द केला. त्याच वर्षी पृथ्वी शॉ मुंबईकडून महाराष्ट्राकडे आला. म्हणजे नियमाच्या भाषेत जळगाव-धुळेकरांचा झाला. कर्नाटकचा करुण नायर बाहेरून येऊन विदर्भाकडून खेळला आणि २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात त्याने शतक केले. नागपुरात तेव्हा कुणी त्याला गाव विचारले नाही.

मूळगावाचा नियमच स्पर्धेचा प्राण झाला, असे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. तिथे रग्बी लीग या खेळात क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांचे जुने वैर. आधी संघ रहिवासावर निवडले जात. सिडनीच्या क्लबांकडे जुगाराच्या यंत्रांतून येणारा पैसा मुबलक. क्वीन्सलँडची चांगली पोरे ते उचलून नेत आणि मग तीच पोरे न्यू साउथ वेल्सच्या जर्सीत आपल्याच राज्याला तुडवत. क्वीन्सलँडने पोसायचे आणि सिडनीने मिरवायचे, असा प्रकार. शेवटी ८ जुलै १९८० रोजी ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर मुळावर आधारलेला पहिला सामना झाला. क्वीन्सलँडचा कर्णधार होता आर्थर बीटसन, वय ३५. तो क्वीन्सलँडमधल्या रोमा गावचा, पण उमेदीत न्यू साउथ वेल्सकडून खेळलेला. घरच्या जर्सीत त्याने संघाला २०-१० असे जिंकून दिले. एका प्रयोगातून 'स्टेट ऑफ ओरिजिन' ही वार्षिक मालिका उभी राहिली.

तिथेही 'मूळ' म्हणजे काय यावर डोकेफोड झालीच. सुरुवातीला खेळाडू मोठ्यांच्या क्लबातून पहिल्यांदा कुठे खेळला हे पाहत. त्यामुळे न्यू साउथ वेल्समधल्या बोराव्हिलचा ग्रेग इंग्लिस क्वीन्सलँडचा हिरो झाला आणि सिडनीकर वर्षानुवर्षे दात-ओठ खात राहिले. २०१२ मध्ये नियम बदलला: तेरा वर्षांचा होण्याआधी मुलगा कुठे राहत होता, ते बघायचे. बारा-तेरा वर्षांपर्यंत ज्या मातीत धडपडला ती त्याची, असा तो हिशेब. सायगावच्या पारावर हा नियम वाचून दाखवला तर कुणालाही परका वाटणार नाही.

आपल्याकडच्या शालेय क्रीडा स्पर्धा मात्र याच्या उलट चालतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शिडी. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशिक मिळून नाशिक विभाग. २००३ मध्ये जळगाव आणि धुळे इथे महापालिका आल्या. शालेय स्पर्धांत महापालिका क्षेत्राला जिल्ह्यासारखाच स्वतंत्र दर्जा असतो, आणि मुलाचे घर कुठे यापेक्षा शाळा कुठे यावर सगळे ठरते. शहराला लागून असलेल्या खेड्यातला मुलगा सायकलने महापालिका हद्दीतल्या शाळेत गेला की तो मनपाचा खेळाडू. त्याचाच धाकटा भाऊ गावच्या हायस्कुलात राहिला तर जिल्ह्याचा. विभागीय स्पर्धेत एका चुलीवरची भाकरी खाणारे दोघे समोरासमोर येऊ शकतात.

या कागदांना आता वजनही आले आहे. ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण मिळाले. स्पर्धेचे प्रमाणपत्र म्हणजे पोलीस भरतीची किंवा तलाठ्याच्या जागेची आशा. विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात ते पडताळून घ्यावे लागते, आणि बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे निघाल्यापासून प्रत्येक शिक्क्याकडे संशयाने पाहिले जाते. म्हणून चाचणीच्या सकाळी वजनकाट्यापेक्षा टेबलापाशी गर्दी जास्त. शाळेचे बोनाफाईड, जनरल रजिस्टरचा उतारा, जन्मदाखला, आधार कार्ड. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून आणलेले कागद वडील एकेक करून पुढे सरकवतात. उताऱ्यावर एक आडनाव आणि आधारवर दुसरेच स्पेलिंग निघाले की पोरगा अनवाणी उभा राहतो आणि बाप झेरॉक्सच्या दुकानाकडे धावतो.

महाराष्ट्र केसरीचा खानदेशाशी संबंध मात्र या कागदी काळाच्या कितीतरी आधीचा. पहिले अधिवेशन १९६१ मध्ये औरंगाबादला झाले आणि दुसरेच, १९६२ चे, धुळ्याला. तिथे भगवान मोरे जिंकले. १९७७ मध्ये ते चाळीसगावला आले. त्या वर्षी निकालच लागला नाही, गदा कुणाच्याच खांद्यावर चढली नाही आणि यादीत चाळीसगावपुढे 'अनिर्णित' असा शब्द पडला. पुढे सदतीस वर्षांनी त्याच तालुक्यातल्या सायगावच्या विजयने ती पहिल्यांदा जिंकली. अहमदनगर, नागपूर आणि पुणे अशा तीन परक्या मैदानांवरून तीनदा. तिन्ही वेळा नावापुढे जिल्हा लिहिला होता जळगाव.