सगळ्यात भारी डिस्ट्रिब्यूटेड डेटाबेस कुठला?

हा प्रश्न मला सारखा येतो. माझं उत्तर एकच: कशासाठी हवाय ते आधी सांगा. एकच डेटा अनेक मशीनवर, वेगवेगळ्या शहरांत ठेवला की काहीतरी बिघडणारच. बिघडल्यावर डेटाबेस कसा वागतो, यावरून मी त्याची पारख करतो. त्यासाठी चार प्रश्न विचारतो.

१. मशीनमधला संपर्क तुटला तर?
एरिक ब्रूअर यांनी २००० साली कॅप हा सिद्धांत मांडला, २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी तो सिद्ध केला. सोप्या भाषेत सांगायचं तर, संपर्क तुटलेला असताना एकतर अचूक उत्तर मिळेल, नाहीतर प्रत्येक वेळी काहीतरी उत्तर मिळेल. दोन्ही नाही. ॲमेझॉनने शॉपिंग कार्टसाठी डायनॅमो बनवताना दुसरं निवडलं. काढून टाकलेली वस्तू कधीतरी कार्टमध्ये परत दिसली तरी चालेल, पण नवीन वस्तू टाकताना गिऱ्हाईक अडकायला नको. आता समजा, खात्यात ५०० रुपये आहेत आणि दोन फोनवरून एकाच वेळी ५००-५०० पाठवले. दोन्ही गेले तर? तिथे "थोड्या वेळाने प्रयत्न करा" हेच बरं.

२. सगळं सुरळीत असताना वेग किती?
फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन जवळजवळ ४० मिलिसेकंद गेलेच. प्रत्येक नोंदीला तिकडून होकार हवा असेल, तर ही किंमत मोजावीच लागते. आणि हो, सरासरीवर भुलू नका. डायनॅमोच्या २००७ च्या पेपरमध्ये उदाहरण आहे: ९९.९ टक्के विनंत्यांना ३०० मिलिसेकंदांत उत्तर. एक पान उघडायला शंभर विनंत्या लागत असतील, तर हजारातली एक संथ विनंतीही बऱ्याच जणांना जाणवते.

३. एखादं मशीन बंद पडलं तर?
डेटाच्या तीन प्रती ठेवा. लिहिताना दोघांचा होकार घ्या, वाचताना दोघांना विचारा. २ + २ हे ३ पेक्षा जास्त, म्हणून नवी नोंद माहीत असलेलं एक तरी मशीन सापडतंच. एक बंद पडलं तरी काम चालू. दोन पडली, की थांबलं.

४. दावा तपासला कुणी?
काइल किंग्सबरी यांचा जेप्सेन हा प्रकल्प मुद्दाम नेटवर्क तोडतो, मशीनची घड्याळं पुढे-मागे करतो. "सेव्ह झालं" असं सांगूनही नोंदी हरवणारे नामांकित डेटाबेस त्यात सापडलेत. म्हणून जाहिरातीआधी असा अहवाल वाचा.

तुमच्या ॲपमध्ये काय परवडणार नाही, चुकीचं उत्तर की उशिरा मिळालेलं? हे ठरलं, की यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात. भेटू पुढच्या भागात!